दुपंखी, एकपंखी आणि बेलभंडार

मी मुळात संशयी बाई. दूध घेताना मापाच्या बुडाशी बोट फिरवून बघते. कोणी फार गोड बोललं, तर त्याला नेमकं काय हवंय ते कळेपर्यंत माझ्या जिवाला चैन पडत नाही. लग्न झालं तेव्हा मी वऱ्हाडातून मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात आले. माझे वडील वाशीमकडच्या खेड्यात शाळामास्तर होते. निघताना त्यांनी एवढंच सांगितलं, की तिकडं जरा जपून बोल. माझं सासर हिंगोलीच्या बाजूला, पैनगंगेच्या अलीकडे. नदी उतरली की राज्य बदलायचं, नाणं बदलायचं, आणि करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या नाक्यावरचा शिपाई लुगड्याची घडीसुद्धा उलगडून बघायचा. अशा वाटेनं नांदायला गेलेल्या बाईला संशय घ्यायला वेगळं शिकवावं लागत नाही.

त्यातून नवरा मिळाला तो असा. तोंडावर मी 'अहो' म्हणत आले, कागदावर 'नवरा' म्हणते. एवढी सूट या वयात मला असावी. मिसरूड फुटायच्या वयात बापाशी भांडून तो घरातून पळाला होता आणि फिरत फिरत पार वायव्य सरहद्दीकडे, इंग्रजांच्या विमानांच्या कारखान्यात लागला. त्याचं काम तारा ताणायचं. तेव्हाच्या विमानांना दोन पंख असत, एकावर एक, आणि मधे खांब आणि तारा. तार ढिली राहिली तर पंख थरथरतो, जास्त ओढली तर सांगाडा वाकतो. बाजेची नवार ओढतात तसं ते काम, असं तो मला समजावून सांगायचा. ती नोकरी का सुटली, हे मात्र त्यानं कधी नीट सांगितलं नाही. एकदा म्हणाला हवा मानवली नाही, एकदा म्हणाला साहेबाशी बिनसलं. दोन कारणं सांगणाऱ्या माणसाकडे तिसरं असतंच, असं माझं मत आहे.

मोठी लढाई लागायच्या आधी तो परत आला आणि मग आमचं लग्न झालं. येताना त्यानं पत्र्याची एक पेटी आणली होती. मला वाटलं, कापडचोपड असेल. उघडून बघते तर विमानांची चित्रं. इंग्रजी साप्ताहिकांतून कापून पुठ्ठ्यावर चिकटवलेली, सगळी लढाऊ विमानं. गंमत अशी, की यातलं एकही त्यानं डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. त्याच्या ठाण्यावर असायची ती जुनी, दोन माणसांची, डोंगरावरून टेहळणी करणारी विमानं. म्हणजे न पाहिलेल्या पोरींच्या पत्रिका जुळवत बसावं, तसा हा गडी न पाहिलेली विमानं पारखत बसायचा.

बापलेकांचं बोलणं बंद होतं. पळून गेलेला मुलगा सासऱ्यांनी घरात घेतला, पण मनात घेतला नाही. "त्याला इचार, भाकर पाह्यजे का," असं ते माझ्याकडे बघून म्हणायचे आणि नवरा दोन हातांच्या अंतरावर बसलेला असायचा. सासरे बैलांचे मोठे पारखी. आजूबाजूच्या गावांतला माणूस बैल घ्यायला निघाला की आधी आमच्या ओसरीवर यायचा. लाल कंधारी जातीचं गोऱ्हं दुरून चालताना बघून ते सांगायचे, की हे तीन वर्षांनी मागच्या डाव्या पायात लंगडेल. मी असल्या गोष्टींवर सहजी विश्वास ठेवत नाही, पण त्यांचं बहुतेक खरं निघायचं.

अबोला सुटला तो या चित्रांवरून. एका दुपारी नवरा ओसरीवर पुठ्ठे मांडून बसला होता. सासरे तिथूनच चालले होते, ते थांबले आणि एका चित्रावर काठीचं टोक ठेवून माझ्याकडे न बघता सरळ मुलाला म्हणाले, "ह्याचं तोंड काहून असं निमुळतं?"

ते फ्युरी होतं. इंग्रजांचं, दोन पंखांचं, चांदीसारखं चकचकीत. नवऱ्यानं सांगितलं, याचं इंजिन पाण्यावर थंड होतं, म्हणून नाक लांब. सपाटीला ताशी दोनशे मैलांच्या वर जातं, आणि वर चढतं तर पाखरासारखं.

"पानी कुठं ठेवतंय?"

"पोटाखाली, आबा. जाळी असते."

"आन् तिथं गोळी लागली तर?"

"तर पाणी गळतं आणि इंजिन बसतं."

"मंग दिसायलाच झ्याक हाय. धापा टाकणारा बैल हाय हे," सासरे म्हणाले आणि खाली बसले. ते बसले हेच मोठं होतं. मी आतून बघत होते. चुलीवरचं वरण करपलं तरी मी हलले नाही.

त्या दिवसापासून त्यांचा तो नादच झाला. ग्लॅडिएटर नावाचं दुसरं एक दुपंखी होतं, ते सासऱ्यांचं लाडकं. गोल तोंडाचं, आखूड मानेचं, हवेवर थंड होणारं. पाणी लागतच नाही. बंदुका फ्युरीला दोन, याला चार. वैमानिकाच्या डोक्यावर काचेचं झाकण. "पानी न मागणारं जनावर," सासरे मान हलवून म्हणायचे, "आपल्या मुलखातलं हाय हे." रशियाचं एक आखूड, बोजड चित्र होतं, एकाच पंखाचं, त्याची चाकं वैमानिकानं हातानं दांडा फिरवून फिरवून पोटात घ्यायची. त्याला सासरे हसले. मग नवऱ्यानं हरिकेन काढलं. एकच पंख, तोही जाड. मधे खांब नाही, तार नाही. चाकं आपोआप पोटात जातात. दोन्ही बाजूंच्या पंखांत मिळून आठ बंदुका. आणि पळायला फ्युरीच्या दीडपट.

सासऱ्यांनी ते चित्र उलटं ठेवलं. "एकपंखी? आरं, एका बैलावर कोन गाडी हाकतं? जोडी पाह्यजे. एक दमला तर दुसरा ओढतो. ह्येचा एक पंख मोडला, तर खाली कोन धरनार त्याला?"

"तसं नसतं, आबा. दोन पंख म्हणजे वाऱ्याला दुप्पट अडथळा. तारासुद्धा वारा अडवतात."

"मंग एवढी वर्सं तू तारा ओढून इमानं हळू करून राहिला व्हता का?"

नवरा पुठ्ठे गोळा करायला लागला. मला तेव्हा त्याची कणव आली आणि संशयही. तारा ताणून पोट भरणारा माणूस बिनतारेच्या विमानाची इतकी तरफदारी का करतो? ज्यानं आपली भाकरी काढून घेतली त्याचं कौतुक करणारा माणूस एक तर साधू असतो, नाही तर त्याच्या मनात काही वेगळंच असतं. साधू तो नव्हता, हे मला पक्कं माहीत होतं.

मला विचारलं तर मी दोघांनाही उडवून लावायची. ताशी दोनशे मैल कोणी मोजले? ज्यानं विमान विकायला काढलं त्यानंच ना? इंग्रजी कागदात इंग्रजांचं विमान जगात पहिलं, इटलीवाल्यांच्या कागदात त्यांचं. आमच्या गावात प्रत्येकाची म्हैस सगळ्यात जास्त दूध देते, तसंच हे. नवरा चिडायचा. सासरे म्हणायचे, "बाई बराबर बोलून राहिली," आणि तेवढ्यापुरती आमची युती व्हायची. पुढं लढाई लागली. हिंगोलीहून शिळं वर्तमानपत्र यायचं, त्यात एकपंख्यांनी लंडन राखल्याचं नवऱ्यानं वाचून दाखवलं. सासऱ्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "जोडी लावून बघितली का कोनी?"

त्या वर्षांत आमच्या घरात मी पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. बापलेक भांडत होते, पण एकमेकांशी भांडत होते.

मग देश स्वतंत्र झाला आणि आमची बाजू तशीच राहिली. नदीपलीकडे माझ्या वडिलांच्या शाळेवर तिरंगा, आणि अलीकडे निजामाच्या बाजूचे, खाकी कपड्यांतले बंदूकवाले. शेजारच्या गावच्या शाळेत त्यांनी मुक्काम ठोकला. धान्य न्यायचे, माणसंही न्यायचे. कोण कोणाचं नाव सांगतंय ते कळत नव्हतं. विहिरीवर बायका बोलत असायच्या, मी गेले की घागरी उचलायच्या. मी वऱ्हाडातली, म्हणजे तिकडची. दुकानदार जास्त बोलला तर मला वाटायचं हा खबऱ्या, आणि कमी बोलला तर वाटायचं हा पक्का खबऱ्या.

अशात आभाळात विमानं दिसायला लागली. फार उंचावरून जायची, एखाद-दुसरं. आधी कुठं चित्र दिसलं तरी तासभर बोलणारा माझा नवरा आता वर बघायचा, आणि मान खाली घालून कामाला लागायचा. "कोणतं हो?" म्हणून विचारलं तर म्हणायचा, "उन्हात दिसलं नाही."

आणि एक दिवस हिंगोलीहून पोलिसांचे अमीन, म्हणजे फौजदार, जीप घेऊन दारात आले. त्यांना विमानं ओळखणारा माणूस हवा होता. पेटीचं त्यांना कोणी सांगितलं? गावातल्या एकूण एक माणसावर मी मनात आरोप ठेवला, शेवटी सासऱ्यांवरसुद्धा. नवऱ्याला पेटीसकट घेऊन गेले. दिवसभर मी लेकराला कडेवर घेऊन रस्त्याकडे बघत होते. माझी पोरगी तेव्हा चार वर्षांची होती.

दिवे लागायच्या आधी तो परत आला. जीपमध्ये पुढच्या बाजूला बसून. अंगावर ओरखडा नाही, आणि खिशात पोरीसाठी बिस्किटांचा पुडा. अंगावर वळ घेऊन आला असता तर गावानं त्याला खांद्यावर घेतलं असतं. पण बिस्किटं घेऊन आला, आणि तिथंच सगळं बिघडलं.

"काय विचारलं त्यांनी?" मी विचारलं.

"वरून जातंय ते कोणतं, म्हणून विचारलं. चित्रं समोर ठेवली."

"मग?"

"सांगितलं काहीतरी."

"काहीतरी म्हणजे काय?"

"तुला काय करायचंय?" असं तो कधी म्हणत नसे. त्या दिवशी म्हणाला. मी बिस्किटं परसात फेकून दिली.

पुन्हा एकदा जीप आली, पुन्हा तो गेला आणि धडधाकट परत आला. सासऱ्यांनी त्याच्याशी बोलणं बंद केलं. या वेळी ते माझ्यामार्फतही बोलेनात.

उन्हाळा होता, लग्नाचे दिवस होते. गावातली काही घरं लग्नाला जातोय असं दाखवून नदीपार जायच्या तयारीत होती. पाण्याला उतार होता, तोवरच जायला हवं होतं. गाड्या एका वयस्कर शेतकऱ्याच्या. गावात त्याचा शब्द चालायचा. मी त्याच्या घरी जाऊन पदर पसरला. म्हटलं, मला आणि लेकराला माझ्या माहेरपर्यंत न्या.

"तुला न्यायला ना न्हाई, बाई," तो म्हणाला. "पन तुला नेलं की तुज्या मालकाला समजनार. आन् त्यानं हिंगोलीत एक शब्द टाकला, तर नाक्यावर समदी लेकरंबाळं सापडतील. त्याला म्हनावं, म्हादेवाच्या देवळात ये आन् बेलभंडार उचल. नागनाथाची आन घे, की अमीनाला म्या काईबी सांगितलं न्हाई. मंग तोबी चल, तूबी चल."

हातावर बेलाचं पान आणि हळदीचा भंडारा घेऊन बोललेला शब्द आमच्याकडे कागदावर लिहून मागत नाहीत. औंढ्याचा नागनाथ तो ऐकतो आणि खोटं बोलणाऱ्याचं घर उठवतो, असं लहानथोर सगळे मानतात. मला वाटलं, सुटले. एवढं एक वाक्य म्हणायचं आणि नदी पार.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात पाच-सात माणसं जमली. सासरे खांबाला टेकून बसले होते. मी पोरीला घेऊन पायरीशी उभी. नवऱ्यापुढे ताटली धरली. त्यानं ताटलीकडे पाहिलं आणि हात मागे घेतला.

"मी हा उचलणार नाही," तो म्हणाला.

"काहून?"

"अमीनाशी मी बोललोय. काही सांगितलं नाही, असं कसं म्हणू?"

"मंग काय सांगितलं ते तरी सांग."

तो घाम पुसत होता, पण तोंड उघडेना. माझ्या अंगाचा असा भडका उडाला, की पोर कडेवर नसती तर मी देवळातच त्याला धरून हलवला असता. एवढा काटेकोरपणा सुचतो कसा माणसाला? वावगं काही बोलला नसेल तर सांगत का नाही? आणि गावाला विकून आला असेल तर निदान लेकरासाठी एक खोटी शपथ का घेत नाही? मला त्या क्षणी तो चोर वाटला. स्पष्टच सांगते, मला तो फितूर वाटला.

लोक उठायला लागले. गाड्यांचा मालक म्हणाला, "झालं मंग. आमी आमच्या वाटंनं जातो."

तेव्हा सासरे उठले. काठी खांबाला लावली, पुढं आले आणि ताटलीतलं बेलाचं पान उचलून उजव्या हातावर घेतलं. त्यावर भंडारा ठेवला. हळद बोटांतून फरशीवर सांडत होती.

"नागनाथाची आन हाय," ते म्हणाले. "माज्या पोराच्या तोंडून गावाचा घात झाला न्हाई. झाला आसंल तर माजा वंश बुडू दे."

माझी पोरगी त्यांच्याकडे बघून हसत होती. गाड्यांचा मालक म्हणाला, "तुमचा हात लागला, आता आमाला शंका न्हाई." नवरा तिथंच खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला.

आम्ही तिघं लग्नाच्या गाडीत बसून गेलो. सासरे बैलांसाठी म्हणून मागे राहिले. नाक्यावर शिपायानं हळदीकुंकवाचं ताट बघितलं, बायकांनी गाणं धरलं, आणि आम्ही पैनगंगेच्या वाळूत उतरलो. पलीकडच्या काठावर चढेपर्यंत मी नवऱ्याच्या हातांवरची नजर काढली नाही. तो कुणाला खूण करतोय का, तेच मी बघत होते.

माहेरी पोचल्यावर, मी विचारलं नसताना, तो बोलला. ती विमानं कोणती, हे त्यालाही नेमकं माहीत नव्हतं. पण हरिकेनच्या पुढची, जास्त बंदुकांची, जास्त वेगाची असणार, हे त्यानं पाहताक्षणी ओळखलं होतं. आणि अमीनाला त्यानं नेमकं उलटं सांगितलं. एकपंखी म्हणजे हलका माल. पंख एकच, म्हणून बंदुका दोनच. खाली येऊन मारा करायची त्याची ताकद नाही, नुसते फोटो काढतंय. "आबा म्हणतात तेच सगळं ठासून सांगितलं," तो म्हणाला. "लिहून घेतलं त्यांनी. गावात बोललो असतो, तर संध्याकाळपर्यंत हिंगोलीला कळलं असतं आणि मला तिथंच झाडाला टांगलं असतं. आबांना सांगितलं असतं, तर ते ओसरीवर कौतुकानं बोलले असते."

मी सगळं ऐकलं. दोनदा उलटसुलट विचारून घेतलं. दोन्ही वेळा तेच निघालं, तेव्हा विश्वास ठेवला.

"पण आबांना बघ," तो म्हणाला. "काही न सांगता त्यांनी ओळखलं. माझ्यासाठी त्यांनी वंशाची आण घेतली. मला वाटायचं, या माणसाच्या मनात माझ्यासाठी जागाच नाही." त्या दिवसापासून तो निराळाच माणूस झाला. माझ्या वडिलांना, भावाला, दिसेल त्याला तो ही गोष्ट सांगायचा.

तिकडे सासऱ्यांना हिंगोलीला नेऊन बसवून ठेवलं होतं. मुलगा कुठं गेला म्हणून विचारलं, तर ते म्हणाले, "पळपुटाच हाय तो, साहेब. मागंबी पळाला व्हता." गावातल्या चार जणांनी ते खरंच आहे म्हणून सांगितलं, आणि त्यांना सोडून दिलं.

पावसाळा सरता सरता पोलीस ॲक्शन झाली. त्या दिवसांत एकपंखी विमानं खालून, झाडांच्या शेंड्यांवरून गेली, असं सासरे पुढं सांगायचे. शाळेतले बंदूकवाले पळाले. आम्ही परत आलो. घर उभं होतं, बैल दावणीला होते. आबांनी सगळं ओळखलंच आहे, या समजुतीत नवऱ्यानं अमीनाची गोष्ट त्यांच्यापुढे काढलीही नाही.

कार्तिकात नवऱ्यानं गाडी जुंपली, म्हणाला, औंढ्याला जाऊ, नागनाथाला नारळ फोडू. सासरेही गाडीत बसले. देवळापाशी पोचलो तेव्हा ते म्हणाले, "तुमी जा. म्या बैलापाशी थांबतो." बैल बांधलेले होते, चारा पुढ्यात होता, आणि बैल सांभाळायला गाडीतळावर दहा माणसं होती. मला लगेच संशय आला. नवरा पोरीला घेऊन आत गेला, आणि मी मागे फिरले.

सासरे गाडीच्या चाकाला टेकून बसले होते. मी म्हटलं, "मामा, देवळात काहून येत न्हाई?"

"पाय दुखून राहिले."

"पायऱ्या चार बी न्हाईत."

त्यांनी बोटानं माती उकरली. मग म्हणाले, "कोन्या तोंडानं जाऊ?"

मला समजलं. तरी मी विचारलं, कारण पुरतं विचारल्याशिवाय मला राहवत नाही. "त्या दिवशी तुमाला खरं वाटत व्हतं का? यांनी गावाचा घात केला न्हाई, हे?"

"न्हाई," सासरे म्हणाले. "मला वाटलं, इकलं आसंल यानं गाव. बिस्किटं घिऊन आला व्हता."

"मंग वंशाची आन काहून घेतली?"

"लेकरू पायरीशी व्हतं, तुज्या कडेवर. तुमी गाडीत बसाया पाह्यजे व्हतं."

मी त्यांच्यासमोर मातीत बसले आणि नवऱ्यानं अमीनाला काय सांगितलं होतं ते सगळं सांगितलं. म्हटलं, मामा, तुमची शपथ खरी झाली. त्यांनी घात केला नव्हता, उलट अमीनालाच फसवलं. आता चला आत.

त्यांनी ऐकून घेतलं. डोळे भरून आले होते. मुलगा खरा निघाल्याचं समाधानही चेहऱ्यावर दिसलं. पण उठले नाहीत. "ते आता कळलं," ते म्हणाले. "उचलला तवा म्या खोटाच उचलला. देवाला काय ठाव न्हाई का?"

तेवढ्यात नवरा प्रसाद घेऊन आला. पोरगी त्याच्या खांद्यावर होती. गाडीतळावरच्या एका ओळखीच्या माणसाला त्यानं हाक मारली आणि वडिलांकडे बोट करून मोठ्यानं म्हणाला, "हे आमचे आबा. सगळ्या गावाला माझा संशय आला, पण यांना नाही आला."

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून म्हटलं, "खरं हाय," आणि त्यांच्या हातावर प्रसाद ठेवला.